लोकलहोस्टवरची साइट उघडेनाशी झाली तर: झॅम्प आणि वर्डप्रेससाठी तपासणीचा क्रम

विंडोजच्या संगणकावर झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं सॉफ्टवेअर) टाकून वर्डप्रेस शिकणारे, कॉलेजचा प्रोजेक्ट करणारे, किंवा गिऱ्हाइकाची साइट होस्टिंगवर चढवण्याआधी स्वतःच्या संगणकावर उभी करणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक. साइट चालत असते आणि एक दिवस पांढरं पान येतं, किंवा पान येतं पण रंगरूप गायब असतं, किंवा ब्राउझर नुसता गोल फिरत राहतो. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम करतात ते झॅम्प काढून पुन्हा टाकण्याचं. ते करू नका. साइटचा सगळा मजकूर झॅम्पच्याच फोल्डरमधल्या डेटाबेसमध्ये असतो आणि झॅम्प काढताना तोही जाऊ शकतो. दुरुस्त होण्यासारख्या साइट बिघाडापेक्षा या घाईनेच जास्त गेल्या आहेत.

एक पान उघडण्यामागे ठरलेला क्रम असतो. ब्राउझर पत्त्यावरून संगणक शोधतो, अपाचे हा वेब सर्व्हर विनंती स्वीकारतो, पीएचपी कोड चालवतं, कोड डेटाबेसमधून मजकूर आणतो, आणि मग चित्रं व स्टाइलच्या फाइली ब्राउझर वेगळ्या मागवतो. दोष बहुतेकदा यातल्या एकाच ठिकाणी असतो. तो कुठे आहे हे कळेपर्यंत कोणतीही सेटिंग बदलू नका, आणि बदलाल तेव्हा एका वेळी एकच बदला.

फाइलींची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान लिपी.

हाताशी काय हवं

- विंडोजचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं. झॅम्प कंट्रोल पॅनेल उघडताना राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. नाहीतर पोर्ट (प्रोग्राम ज्या क्रमांकावर विनंत्या ऐकतो तो) कोणी धरलंय हे त्याला नीट दिसत नाही.
- नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड. सेटिंगच्या फाइली वर्डमध्ये उघडू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि तेवढ्यानेही पीएचपी बंद पडतं.
- डेटाबेसची प्रत ठेवायला पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर रिकामी जागा.
- साइट शेवटची नीट चालल्यानंतर काय काय झालं याची यादी: नवं प्लगइन, विंडोजचं अपडेट, नवं सॉफ्टवेअर, अचानक गेलेली वीज, बदललेला राउटर. ही यादी लिहून काढलीत तर निम्मा शोध तिथेच संपतो.

१. आधी प्रत घ्या

कंट्रोल पॅनेलमधून मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस, थांबवा. झॅम्पच्या फोल्डरमध्ये ‘मायएसक्यूएल’ आणि त्यात ‘डेटा’ असा फोल्डर आहे. तो पूर्ण उचलून दुसरीकडे कॉपी करा. ‘एचटीडॉक्स’मधला तुमच्या साइटचा फोल्डरही कॉपी करा. डेटाबेस चालू असताना केलेली कॉपी भरवशाची नसते, म्हणून थांबवणं गरजेचं आहे. तो आधीच बंद पडला असेल तर आहे त्या अवस्थेत कॉपी करा.

याच वेळी सी ड्राइव्हवर किती जागा उरली आहे तेही पाहा. ड्राइव्ह भरला की डेटाबेस लिहू शकत नाही, सेशनच्या फाइली बनत नाहीत, आणि साइट विचित्र वागते. अपाचेच्या ‘लॉग्ज’ फोल्डरमधल्या फाइली आपोआप छाटल्या जात नाहीत, त्या वाढत राहतात. अपाचे थांबवून जुन्या लॉगचं नाव बदललं तर तो सुरू होताना नवी फाइल बनवतो.

२. पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा

‘साइट चालत नाही’ एवढ्याने काही कळत नाही. संदेशातच दिशा असते:

- ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’: त्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही. अपाचे बंद आहे किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे. पायरी ५.
- पत्ताच सापडत नाही असा संदेश: नावाचा घोटाळा. पायरी ४.
- ‘४०४’: अपाचे चालू आहे, मागितलेली वस्तू त्याला सापडत नाही. फक्त मुखपृष्ठ उघडतं आणि आतली पानं ४०४ देतात, तर पायरी ८.
- ‘४०३’: फोल्डर सापडला पण आत इंडेक्स फाइल नाही, किंवा बघण्याची परवानगी नाही.
- ‘५००’ किंवा पांढरं पान किंवा ‘क्रिटिकल एरर’: पीएचपी किंवा वर्डप्रेस. पायरी ७.
- ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’: पायरी ६.
- मजकूर दिसतो, रंगरूप नाही: साइटचा साठवलेला पत्ता चुकीचा. पायरी ८.

रंगरूप गायब असेल तेव्हा एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा भाग उघडा आणि पान पुन्हा लोड करा. लाल ओळींवर क्लिक करून त्या कोणत्या पत्त्यावरून फाइल मागतायत ते वाचा. जुना पोर्ट, जुना फोल्डर किंवा ‘एचटीटीपीएस’ तिथे स्पष्ट दिसतं.

३. ब्राउझरला संशयितांच्या यादीतून काढा

तीच साइट खासगी खिडकीत उघडा, मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये. तिथे चालली तर सर्व्हर ठीक आहे, दोष ब्राउझरच्या आठवणीत आहे.

यातला सर्वात चिवट प्रकार ३०१ रीडायरेक्टचा. ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’, आणि ब्राउझर ते कायमचंच समजून जपून ठेवतो. एखाद्या प्लगइनने साइट एचटीटीपीएसकडे वळवली, मग तुम्ही प्लगइन काढलंत, तरी ब्राउझर सर्व्हरला न विचारताच वळत राहतो. कंट्रोल एफ५ने हे जात नाही. त्या साइटचा कॅशे पुसावा लागतो.

दुसरा प्रकार सक्तीच्या एचटीटीपीएसचा. लोकलहोस्टवरच्या कोणत्याही एका प्रोजेक्टने एचटीटीपीएसवरून ‘स्ट्रिक्ट ट्रान्सपोर्ट सिक्युरिटी’चा (एचएसटीएस) हेडर, म्हणजे उत्तरासोबतची सूचना, पाठवला, की जुन्या क्रोमसारख्या ब्राउझरांत तो नियम लोकलहोस्ट या नावाला लागतो, मग पोर्ट कोणताही असो. परिणामी ज्या साइटचा त्याच्याशी संबंध नाही तीही उघडेनाशी होते. अशा क्रोममध्ये ‘क्रोम://नेट-इंटर्नल्स’ या पानावर एचएसटीएसच्या विभागात जाऊन लोकलहोस्टची नोंद काढा.

ब्राउझरला पूर्ण बाजूला ठेवायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘शेल’ बटणाने काळी खिडकी उघडा आणि ‘कर्ल’, जागा, डॅश, मोठ्या लिपीतलं आय, जागा, आणि साइटचा पूर्ण पत्ता टाइप करा. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून कर्ल विंडोजमध्येच येतं. पहिल्या ओळीत २०० आलं तर सर्व्हर उत्तर देतोय. ३०१ किंवा ३०२ आलं तर खालच्या ‘लोकेशन’च्या ओळीत तो तुम्हाला कुठे पाठवतोय ते लिहिलेलं असतं. ही एक ओळ अनेकदा तासाभराचा शोध वाचवते.

४. नाव आणि पत्ता

नुसतं लोकलहोस्ट वापरत असाल तर ही पायरी सोडा. स्वतःचं नाव दिलं असेल, तर तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, नावाचं शेपूट. ‘डॉट डेव्ह’ वापरू नका. क्रोमने डिसेंबर २०१७ मधल्या ६३व्या आवृत्तीपासून या शेपटाच्या सर्व नावांना एचटीटीपीएसची सक्ती केली आहे, आणि जुन्या शिकवण्यांमध्ये अजून हेच नाव वापरलेलं असतं. ‘डॉट लोकल’ही नको, ते नेटवर्कवरची उपकरणं शोधण्याच्या दुसऱ्या यंत्रणेचं आहे, त्यामुळे कधी कधी नाव शोधण्यातच वेळ जातो. ‘डॉट टेस्ट’ वापरा. १९९९ पासून ते चाचणीसाठीच राखून ठेवलेलं आहे.

दुसरं, होस्ट्स फाइल, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पत्त्याचं हे विंडोजला सांगणारी फाइल. ती विंडोजच्या ‘सिस्टम३२’मध्ये ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘ईटीसी’ या फोल्डरात आहे. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर जतन होत नाही. जतन करताना नोटपॅड शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ जोडतं आणि विंडोज एक्स्टेन्शन लपवत असल्याने ते दिसतही नाही. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण लावून खात्री करा. ओळ अशी हवी: १२७.०.०.१, जागा, नाव. पत्त्यातले आकडेही अर्थात इंग्रजी.

तिसरं, व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे कोणत्या नावाला कोणता फोल्डर हे अपाचेला सांगणारी नोंद. ‘एक्स्ट्रा’ फोल्डरमधल्या ‘एचटीटीपीडी-व्हीहोस्ट्स’ फाइलमध्ये नवी साइट जोडली की लोकलहोस्ट आणि डेटाबेस पाहायचं साधन पीएचपीमायअ‍ॅडमिनसुद्धा त्याच साइटकडे जायला लागतात. कारण अपाचे न जुळलेली प्रत्येक विनंती यादीतल्या पहिल्या होस्टला देतो. म्हणून यादीत पहिला होस्ट लोकलहोस्टचाच ठेवा, त्याचा फोल्डर एचटीडॉक्स. बाकीचे त्याखाली.

५. अपाचे आणि पोर्ट

कंट्रोल पॅनेलमध्ये अपाचे हिरवा होऊन लगेच पिवळा किंवा लाल होत असेल तर दोनच कारणं प्रमुख: पोर्ट दुसऱ्याने धरलंय, किंवा सेटिंगच्या फाइलीत चूक आहे.

चूक आधी तपासा, ते सोपं आहे. शेल उघडून ‘एचटीटीपीडी’, जागा, डॅश, टी टाइप करा. ‘सिंटॅक्स ओके’ आलं तर फाइली ठीक. नाहीतर कोणत्या फाइलीत कितव्या ओळीवर चूक आहे ते तो सांगतो.

आता पोर्ट. अपाचेला ८० आणि ४४३ ही दोन लागतात, मायएसक्यूएलला ३३०६. कंट्रोल पॅनेलच्या उजवीकडे ‘नेटस्टॅट’ बटण आहे. ते दाबलं की कोणतं पोर्ट कोणाकडे आहे याची यादी येते. तिथे तीन गोष्टी दिसू शकतात.

८० नंबर पीआयडी (प्रक्रियेचा क्रमांक) ४ कडे असेल तर तो विंडोजचा स्वतःचा वेबसेवेचा गाभा आहे. टास्क मॅनेजरमधून पीआयडी ४ बंद करायचा प्रयत्न करू नका, ती विंडोजची मूळ प्रक्रिया आहे. तिच्यामागे कोणती सेवा आहे ते शोधा. बहुतेकदा ती आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरची ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ असते, किंवा एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सेवा. ‘सर्व्हिसेस’ या खिडकीत जाऊन ती थांबवा आणि तिची सुरुवात ‘मॅन्युअल’ करा. संगणक कार्यालयाचा असेल तर मात्र ती सेवा दुसऱ्या कोणाला लागते का हे विचारूनच.

३३०६ दुसऱ्याच मायएसक्यूएलकडे असेल तर तुम्ही किंवा कॉलेजच्या अभ्यासक्रमासाठी कोणीतरी मायएसक्यूएल वेगळं टाकलेलं आहे. त्याची सेवा ‘मायएसक्यूएल८०’ अशा नावाने दिसते आणि संगणक सुरू होताच स्वतः सुरू होते. हे फसवं आहे: पीएचपीमायअ‍ॅडमिन त्या दुसऱ्या सर्व्हरलाच जोडलं जातं, तुमचे डेटाबेस दिसत नाहीत, आणि सगळा मजकूर गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. ती सेवा थांबवा, झॅम्पचं सुरू करा.

तिसरी शक्यता अशी की यादीत पोर्ट रिकामं दिसतं, तरीही अपाचे ‘परवानगी नाही’ म्हणून अडतो. हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल किंवा डॉकर असलेल्या संगणकांवर विंडोज काही पोर्टांचे पट्टे राखून ठेवतं आणि ते नेटस्टॅटमध्ये दिसत नाहीत. अशा वेळी दुसरं पोर्ट निवडणं हाच कमी त्रासाचा मार्ग.

पोर्ट बदलायचं तर ‘एचटीटीपीडी.कॉन्फ’मध्ये ‘लिसन ८०’ची ओळ ‘लिसन ८०८०’ करा आणि ‘सर्व्हरनेम’च्या ओळीतही ८०च्या जागी ८०८०. ४४३ अडलेलं असेल तर ‘एचटीटीपीडी-एसएसएल.कॉन्फ’मध्ये तो आकडा ४४३३ करा. नवे लोक इथवर येतात आणि दोन गोष्टी विसरतात: आता पत्त्यात लोकलहोस्टनंतर कोलन (:) आणि ८०८० लिहावं लागतं, आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये अजून जुनाच पत्ता आहे. म्हणूनच पोर्ट बदलण्यापेक्षा पोर्ट अडवणारी सेवा थांबवणं बरं.

६. डेटाबेस

संदेश जोडणी होत नसल्याचा असेल तर आधी मायएसक्यूएल हिरवं आहे का पाहा. हिरवं असेल तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमधल्या चार ओळी तपासा: डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड, होस्ट. झॅम्पमध्ये मुळात वापरकर्ता ‘रूट’ आणि पासवर्ड रिकामा असतो. रूटचा पासवर्ड कोणी बदलला असेल तर तो इथेही लिहावा लागतो आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या ‘कॉन्फिग.आयएनसी’ फाइलमध्येही. पोर्ट ३३०७ केलं असेल तर होस्टच्या जागी लोकलहोस्ट, कोलन (:), ३३०७ हवं.

मायएसक्यूएल सुरूच होत नाही आणि ‘शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ असं येतं, तर ‘डेटा’ फोल्डरमधली ‘मायएसक्यूएल_एरर.लॉग’ फाइल उघडा आणि शेवटच्या तीसेक ओळी वाचा. कंट्रोल पॅनेलचा लाल संदेश नेहमी तोच असतो, खरं कारण लॉगमध्ये असतं. चालू असताना वीज गेली, किंवा मायएसक्यूएल न थांबवता संगणक बंद केला, की अर्धवट लिहिलेल्या फाइलींमुळे हा प्रकार होतो. भारनियमनाच्या भागात डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

इथे एक इशारा. ‘आयबीडेटा१ फाइल डिलीट करा’ असा सल्ला खूप फिरतो. त्याने मायएसक्यूएल लगेच हिरवं होतं आणि तुमची टेबलं वाचता येत नाहीत. इनोडीबी प्रकारच्या टेबलांची नोंदवही त्या फाइलीत असते. ती गेली की फोल्डरात फाइली दिसत राहतात, पण उघडताना ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन’ येतं. ती फाइल कधीही पुसू नका.

लॉगमध्ये काय आहे त्यानुसार या क्रमाने जा:

*‘एरिया रिकव्हरी फेल्ड’ दिसलं तर.* झॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आहे आणि तिच्या आतल्या टेबलांचा प्रकार एरिया. ‘डेटा’ फोल्डरमधल्या ‘एरिया_लॉग’ने सुरू होणाऱ्या फाइली, ‘एरिया_लॉग_कंट्रोल’ धरून, दुसरीकडे हलवा आणि पुन्हा सुरू करा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. अजून परवानग्यांचं टेबल मोडल्याची तक्रार आली तर मायएसक्यूएल बंद ठेवून शेलमधून ‘डेटा’मधल्या ‘मायएसक्यूएल’ फोल्डरात जा आणि ‘एरिया_सीएचके’, डॅश आर, आणि ‘एमएआय’ एक्स्टेन्शनच्या फाइली अशी आज्ञा द्या.

*इनोडीबीची तक्रार दिसली तर.* मायएसक्यूएलच्या ‘बिन’ फोल्डरमधल्या ‘माय.आयएनआय’ फाइलीत ‘मायएसक्यूएलडी’ या चौकटी कंसातल्या भागाखाली ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी = १’ ही ओळ लिहा आणि सुरू करून पाहा. नाही झालं तर २, मग ३. ४ आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात, ते फक्त प्रतीवर वापरून पाहायचे. सुरू झालं की लगेच प्रत्येक डेटाबेस एक्स्पोर्ट करा. ही ओळ ठेवून साइट वापरत राहू नका, ती फक्त मजकूर बाहेर काढण्यापुरती आहे.

*यातलं काहीच चाललं नाही तर.* ‘मायएसक्यूएल’ फोल्डरात ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर असतो. त्यात तुमचा मजकूर नसतो, नावाने फसू नका. झॅम्प नवं असतानाची कोरी स्थिती असते. ‘डेटा’चं नाव ‘डेटा_जुना’ करा. ‘बॅकअप’ची प्रत काढून तिला ‘डेटा’ नाव द्या. मग ‘डेटा_जुना’मधून फक्त तुमच्या साइटच्या डेटाबेसचे फोल्डर आणि ‘आयबीडेटा१’ ही फाइल नव्या ‘डेटा’मध्ये आणा, आहे ती बदलू द्या. ‘मायएसक्यूएल’, ‘परफॉर्मन्स_स्कीमा’ आणि ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’ हे तीन फोल्डर आणू नका. सुरू झाल्यावर लॉगमध्ये क्रमांक जुळत नसल्याच्या तक्रारी दिसू शकतात. म्हणून इथेही पहिलं काम एक्स्पोर्टचं, आणि मग कोऱ्या स्थितीत इम्पोर्ट. तुम्ही बनवलेले वेगळे वापरकर्ते या मार्गात जातात आणि रूटचा पासवर्ड पुन्हा रिकामा होतो, त्यानुसार ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ बदला.

७. पांढरं पान, ५०० आणि क्रिटिकल एरर

काय चुकलं याचा संदेश वर्डप्रेस पाहुण्यांना दाखवत नाही. ५.२ आवृत्तीपासून ते ‘क्रिटिकल एरर’ म्हणून अ‍ॅडमिनला ईमेल पाठवतं, पण लोकलहोस्टवर ईमेल जाण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे ती ईमेल येण्याची वाट पाहू नका. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ‘डब्ल्यूपी_डीबग’ ट्रू करा आणि त्याखाली ‘डब्ल्यूपी_डीबग_लॉग’ ट्रू अशी ओळ जोडा. ही दोन्ही नावं मोठ्या लिपीत. संपादन थांबवण्याची सूचना देणारी टिप्पणी फाइलीत आहे, तिच्या वर लिहा. मग पान उघडा आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमधली ‘डीबग.लॉग’ वाचा. फाइलीच्या मार्गातच प्लगइनचं किंवा थीमचं नाव असतं.

ते नाव कळलं की ‘प्लगइन्स’ फोल्डरमधल्या त्याच एका फोल्डरचं नाव बदला; वर्डप्रेस ते प्लगइन आपोआप बंद करतं. नाव कळत नसेल तर पूर्ण ‘प्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदलून पाहा आणि साइट उघडली तर एकेक परत आणा.

‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ आलं तर बहुधा झॅम्पबरोबर पीएचपीही नवं आलं आहे. जुन्या कोडमधली ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणारी फंक्शन्स पीएचपी ७.० मधून काढली गेली. तो कोड बदलल्याशिवाय उपाय नाही. चित्रं आकार बदलून बनत नसतील तर ‘पीएचपी.आयएनआय’मध्ये ‘एक्स्टेन्शन=जीडी’च्या आधीचं अर्धविरामचिन्ह काढा. या फाइलीत काहीही बदललं की अपाचे थांबवून पुन्हा सुरू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

लॉगमध्ये काहीच नाही आणि तरी ५००? मग साइटच्या फोल्डरमधल्या, अपाचेला सूचना देणाऱ्या ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीचं नाव बदलून पाहा. सुरक्षेची आणि कॅशेची प्लगइनं त्यात ओळी घालतात, आणि अपाचेला न समजणारी एक ओळही पुरते. अपाचेच्या ‘एरर.लॉग’मध्ये ती ओळ नावानिशी मिळते.

८. रंगरूप गायब, किंवा आतली पानं ४०४

वर्डप्रेस स्वतःचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये ठेवतं. पोर्ट, फोल्डर किंवा नाव बदललं की तो खोटा ठरतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ‘ऑप्शन्स’ने संपणारं टेबल उघडा आणि ‘साइटयूआरएल’ व ‘होम’ या दोन ओळींत खरा पत्ता लिहा. शेवटी तिरकी रेघ नको. लोकलहोस्टवर प्रमाणपत्र बसवलेलं नसेल तर सुरुवात एचटीटीपीच हवी.

लेखांमधल्या चित्रांचे जुने पत्ते बदलायला एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘रिप्लेस ऑल’ करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग्ज अक्षरांच्या मोजणीसकट साठवतं. पत्त्याची लांबी बदलली की मोजणी चुकते आणि विजेट, थीमची सेटिंग्ज उडतात. यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञांनी वर्डप्रेस चालवण्याच्या साधनाची ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा वापरा, ती मोजणीही दुरुस्त करते.

मुखपृष्ठ ठीक आणि आतली पानं ४०४ असतील तर सेटिंग्जमध्ये ‘परमालिंक्स’ उघडून काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. त्याने ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ नव्याने लिहिली जाते. तरीही नाही, तर ‘एचटीटीपीडी.कॉन्फ’मध्ये ‘मॉड_रीराइट’ची ओळ चालू आहे का आणि एचटीडॉक्सच्या भागात ‘अलाउओव्हरराइड ऑल’ आहे का ते पाहा.

९. संगणकावर चालते, फोनवर नाही

फोनवर लोकलहोस्ट लिहिलं तर फोन स्वतःलाच शोधतो. ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञेने संगणकाचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता काढा आणि तो वापरा. उघडलं पण रंगरूप नाही, तर ‘साइटयूआरएल’मध्ये लोकलहोस्ट आहे, पायरी ८. अजिबात उघडत नसेल तर विंडोजमध्ये वाय-फाय ‘पब्लिक’ धरलं गेलं आहे का पाहा, ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये ‘अपाचे एचटीटीपी सर्व्हर’ला परवानगी द्या. पाहुण्यांच्या वाय-फायवर उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, तिथे काही करून उपयोग नाही. राउटर बंद-चालू झाल्यावर संगणकाचा पत्ता बदलू शकतो. राउटरमध्ये तो राखून ठेवा.

फोनवरून पीएचपीमायअ‍ॅडमिन ४०३ देतं ते मुद्दाम केलेलं आहे. रूटला पासवर्ड नसताना ते दार उघडू नका.

१०. उघडते, पण फार वेळ घेते

प्रत्येक पान सेकंद-दोन सेकंद उशिरा येत असेल तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये होस्टच्या जागी लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहा. विंडोज लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही६ने लावतं, डेटाबेस तिथे ऐकत नसेल तर तो प्रयत्न फसेपर्यंत वेळ जातो.

फक्त अ‍ॅडमिनची पानं रखडत असतील आणि इंटरनेट बंद किंवा कमजोर असेल, तर वर्डप्रेस अपडेटची विचारणा करत थांबलेलं आहे. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ‘डब्ल्यूपी_एचटीटीपी_ब्लॉक_एक्स्टर्नल’ (हेही नाव मोठ्या लिपीत) ट्रू केलं की ते बाहेर विचारणं सोडतं. अपडेट हवी असतील तेव्हा ही ओळ काढा. एक्सडीबग (पीएचपी कोडमधल्या चुका शोधण्याचं साधन) चालू राहिलं असेल तर तेही बंद करा.

११. दुरुस्तीनंतर एक्स्पोर्ट, मराठी मजकुरासकट

साइट उघडली की त्याच बैठकीत एक्स्पोर्ट घ्या. शेलमधून ‘मायएसक्यूएलडम्प’ वापरा, त्यात ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ यूटीएफ८एमबी४ द्या, आणि फाइल ‘रिझल्ट-फाइल’ या पर्यायाने लिहा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाचं चिन्ह वापरून फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६मध्ये बनते आणि इम्पोर्ट होताना अडते. इम्पोर्टलाही तोच कॅरेक्टर सेट द्या.

इम्पोर्टनंतर मराठी मजकुराच्या जागी विचित्र रोमन अक्षरं दिसली तर मजकूर शाबूत आहे, वाचण्याची पद्धत चुकली आहे. योग्य सेट देऊन पुन्हा इम्पोर्ट करा. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं लिहितानाच गेली आहेत आणि त्या डेटाबेसमधून ती परत येणार नाहीत; मूळ डेटाबेसमधून नवा एक्स्पोर्ट घ्यावा लागेल. म्हणून मूळ डेटाबेस पुसण्याआधी एक्स्पोर्टची फाइल उघडा, मराठी ओळी नीट दिसतात का पाहा, आणि शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड’ आहे ना याची खात्री करा. ती ओळ नसेल तर एक्स्पोर्ट अर्धवट आहे. मग वेगळ्या नावाचा रिकामा डेटाबेस बनवून त्यात ही फाइल इम्पोर्ट करा आणि चार-पाच लेख उघडून वाचा. ते नीट दिसले की पहिल्या पायरीत घेतलेली प्रत पुसायला हरकत नाही.